सत्तावीस ओव्हर्स

गेल्या डिसेंबरात भाच्याची शाळेची मॅच बघायला आझाद मैदानावर गेलो होतो. भाचा 13 वर्षांचा, लेगस्पिन टाकतो. मनगट अजून कोवळं आहे, पण बॉल बोटांतून सुटताना फर्र असा बारीक आवाज येतो, जवळ उभं राहिलं तर ऐकू येतो. त्या दिवशी मात्र त्याचा बॉल सुटतच नव्हता. समोर दोन दांडगी मुलं जमलेली. एक आखूड पडला, पुढचा फुलटॉस, त्याच्या पुढचा लेगच्या बाहेर. आझाद मैदानावर एकमेकांत घुसलेल्या मॅचेस चालू असतात, त्यामुळे आमचा बॉल सारखा शेजारच्या मॅचमधल्या पॉइंटच्या पायाशी जात होता आणि तो मुलगा दर वेळी आपल्या मॅचवरची नजर न हलवता तो परत फेकत होता. 4 ओव्हर्समध्ये 41 रन्स गेल्या. तंबूच्या सावलीत माझ्या मागे काही पालक बसले होते. त्यांतले एक मोठ्याने म्हणाले, "हा तर दुसरा बहुतुले निघाला!" बाकीचे हसले. मीही हसलो.

परतीच्या लोकलमध्ये किटबॅग पायांत धरून भाचा खिडकीशी बसला होता. चर्नी रोड गेल्यावर त्याने विचारलं, "मामा, बहुतुले कोण?" म्हणजे त्याने ऐकलं होतं. मी सांगितलं, "सचिन-कांबळीने शाळेत असताना 664 ची पार्टनरशिप केली ना, तेव्हा समोरून बॉलिंग टाकत होता तो." "किती पडल्या त्याला?" "182. 27 ओव्हर्समध्ये. विकेट नाही." तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मग त्याने बॉलिंग सोडली?" मी "छे, नाही" एवढंच म्हणालो, तोवर दादर आलं आणि उतरायच्या धांदलीत विषय तिथेच राहिला.

माझ्या उत्तरातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

तरी रात्री झोप येईना. साईराज बहुतुले कोण, असं एका लेगस्पिन टाकणाऱ्या मुलाने विचारावं आणि मी त्याला 1988 च्या फेब्रुवारीतली, बहुतुले 15 वर्षांचा असतानाची एक मॅच सांगावी? सेमीफायनल शाळांच्या हॅरिस शील्डची, समोर सचिन-कांबळीची शारदाश्रम, आणि तो सेंट झेवियर्सचा. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, ही गोष्ट मुंबईत जन्मलेल्या कुणालाही नव्याने सांगावी लागत नाही. त्याच मॅचमध्ये पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या अमोल मुजुमदारचीही गोष्ट झाली, आणि ती आपण सगळे हळवे होऊन सांगतो. वाट बघत बसलेल्या मुलाबद्दल जीव तुटतो, आणि उन्हात 27 ओव्हर्स टाकणाऱ्या मुलावर हसू येतं. असं का, हा प्रश्न मी त्याआधी कधी स्वतःला विचारला नव्हता. विचारायला हवा होता, कारण मी एका स्कोअररचा मुलगा आहे.

अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते आणि रविवारी एका क्लबचं स्कोअरबुक सांभाळायचे. आम्ही गिरगावात राहत असू. सकाळी आठला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचे, एका कापडी पिशवीत लांबट हिरव्या कव्हरचं स्कोअरबुक, दोन पेनं, एक टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि पावसाळ्यात वर एक प्लॅस्टिकचा कागद. पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या दिवसांत मी हट्टाने बरोबर जायचो. मैदानावर गवत घोट्याच्या वर आलेलं असे, फटका जोरात बसला तरी बॉल सीमारेषेआधीच गवतात हरवायचा आणि चार पोरं वाकून शोधत राहायची. टेबलाशी दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी शेजारी. अंपायरने खूण केली की अण्णा हात वर करून ती पोचल्याची खूण द्यायचे आणि मगच लिहायचे. ओव्हर संपली की दोघं हलक्या आवाजात आपापले आकडे जुळवून बघत. एका रनचा फरक आला तर तो सापडेपर्यंत अण्णांना चहा गोड लागायचा नाही.

बॉलिंगच्या चौकोनात सहा टिंबं कशी मांडायची, तीच मेडन, म्हणजे एकही रन न दिलेली ओव्हर, झाली तर ती जोडून इंग्रजी एम कसा काढायचा, मधे विकेट असेल तर डब्ल्यू कसा, हे सगळं मी त्या टेबलापाशी शिकलो. अण्णांना शतकं फार आवडत नसत, म्हणजे ते टाळ्या वाजवायचे, पण त्यांचा जीव दुसरीकडे असायचा. स्कोअरबुक उघडं ठेवलं की एका पानावर एका संघाची बॅटिंग आणि त्याखाली समोरच्यांची बॉलिंग असते, पान उलटलं की उलट. बहुतेक खेळाडूंची नावं बघायला एकच पान पुरतं. काही जणांची दोन्ही पानांवर असतात. त्यांना अण्णा 'दोन्ही पानांवरचा माणूस' म्हणायचे. अष्टपैलू हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकल्याचं आठवत नाही. संघाची यादी हातात आली की ते आधी अशी माणसं शोधायचे आणि त्यांच्या नावाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवायचे. कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, मॅच कुठेही वळली तरी वळणावर हा माणूस उभा असणार.

त्यांचा सगळ्यात लाडका होता बापू नाडकर्णी. नाशिकचे, आधी महाराष्ट्राकडून, मग मुंबईकडून खेळलेले. नाडकर्णी म्हटलं की सगळ्यांना 1964 ची मद्रास कसोटी आठवते, सलग 21 मेडन्स, 32 ओव्हर्समध्ये 27 मेडन्स आणि फक्त 5 रन्स. अण्णांना त्या स्पेलचा अभिमान होताच, पण कुणी तो काढला की ते लगेच पुढचं वाक्य जोडायचे: "आणि त्याच सीरिजमध्ये कानपूरला एका डावात नाबाद 52, दुसऱ्यात नाबाद 122." ऐकणारा "असं का?" म्हणायचा आणि पुन्हा मेडन्सकडे वळायचा. नाडकर्णींच्या प्रथम श्रेणीतल्या 8880 रन्स आणि 500 विकेट्स. बॅटिंगची सरासरी 40 च्या वर. इतक्या रन्स केलेल्या माणसाची ओळख रन्स न दिल्याबद्दल व्हावी याचं अण्णांना दुःख होतं, आणि ते मला तेव्हा जरा अतीच वाटायचं. आता वाटत नाही.

दोन्ही पानांवर असण्याची किंमत मोठी असते. बॅट्समन शून्यावर गेला की त्याला पॅव्हेलियनमध्ये टॉवेल डोक्यावर घेऊन बसता येतं. बॉलरला मार पडला की त्याच्या बॅटिंगकडून कुणाची अपेक्षा नसते. दोन्ही करणाऱ्याला मात्र दीड दिवस ओव्हर्स टाकून झाल्यावर, बोटांची सालं निघालेली असताना, पाच बाद एकशेवीसवर पॅड बांधून उतरावं लागतं, आणि तेव्हा तो दमलाय हे कुणी लक्षात घेत नाही. त्याने 70 रन्समध्ये 4 घेतले आणि 45 केल्या तर संघाला पहिल्या डावाची आघाडी मिळते, रणजीत तीच जीवनमरणाची गोष्ट असते, पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा शतकाला किंवा पाच विकेट्सना मिळतो. त्याचं नाव खालच्या बारीक टाइपात, धावफलकात, दोनदा.

बहुतुलेला मी वानखेडेवर अनेकदा पाहिलं. नव्वदच्या दशकातल्या हिवाळ्यात रणजीची मॅच असली की ऑफिसमधून अर्धा दिवस रजा टाकून मी आणि अण्णा जायचो, ते तेव्हा निवृत्त झाले होते. रिकाम्या वानखेडेची एक वेगळीच शांतता असते. बॅटचा आवाज आधी येतो आणि समोरच्या स्टँडवर आपटून पुन्हा एकदा येतो. विकेटकीपर बोलतो ते वरपर्यंत ऐकू येतं. कावळे सीमारेषेवर चालत फिरतात. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की अण्णा मांडीवरच्या वहीवर कोपर ठेवायचे. हो, तिथेही ते स्वतःसाठी स्कोअर लिहायचे, कुणी मागितलेला नसताना.

त्या दुपारींमधली एकच ओव्हर माझ्या मनात नीट राहिली आहे, आणि तीत काहीच घडलं नाही. जुना बॉल, सपाट विकेट, बॅट्समन जमलेला. बहुतुले बाहीला बॉल पुसत मार्कवर आला, दोन फिल्डर एकेक पाऊल हलवले, आणि सहाच्या सहा बॉल जवळपास एकाच जागी टाकले. त्यातला एक गुगली होता, तो बॅट्समनने उशिरा ओळखला आणि पॅडवर घेतला. स्लिपमधून एक लांब "अरेरेरे" आला. बाकी बॉल नुसते थोपवले गेले. टोपी घेऊन तो शांतपणे मिडऑनला निघून गेला. टाळी कुणाचीच नाही. अण्णांनी टिंबं जोडून एम काढला आणि वही माझ्याकडे वळवून दाखवली, जसं काही चित्र काढलं होतं. पुढे तोच माणूस खालच्या क्रमांकावर बॅटिंगला आला, डावखुरा. बॉलिंग उजव्या हाताने आणि बॅटिंग डावखुरी, म्हणजे दोन्ही पानांवर दोन निरनिराळी माणसं असावीत असा तो दिसायचा. ती शिस्त, ती चिवट खडूस वृत्ती मात्र एकाच माणसाची.

आकडे सांगतो, कारण भाच्याला मी तेच सांगायला हवे होते. 188 प्रथम श्रेणी सामने, 630 विकेट्स, 6176 रन्स, 9 शतकं. पदार्पण 1991-92 च्या मोसमात, निवृत्ती जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर. मुंबईनंतर महाराष्ट्र, गोवा, आसाम, आंध्र, विदर्भ. भारतासाठी 2 कसोटी आणि 8 एकदिवसीय. कसोट्या दोन्ही 2001 सालच्या, पहिली चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ती आपल्याला हरभजनच्या 15 विकेट्ससाठी आणि शेवटी समीर दिघेने धरलेल्या टोकासाठी आठवते. त्या संघात साईराज बहुतुले होता हे किती जणांच्या लक्षात असेल? दुसरी कसोटी कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध. दोन्ही मिळून 3 विकेट्स. नंतर कसोटीचं बोलावणं आलं नाही.

का आलं नाही, याचं उत्तर सोपं आहे आणि त्यात कुणाचा दोष शोधायचं कारण नाही. 1990 ते 2008 भारताकडे अनिल कुंबळे होता. त्या 18 वर्षांत या देशात दुसऱ्या कुठल्या लेगस्पिनरला पक्की जागा मिळायची तर बहुधा कुंबळेचा खांदा दुखायला लागायचा, आणि 2001 च्या सुरुवातीला नेमका तो दुखावलेला होता. म्हणजे बहुतुलेच्या वाट्याला आलेली खिडकी एवढीच. मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर यांना ती तेवढीही मिळाली नाही, कारण समोर बिशनसिंग बेदी होते. 589 विकेट्स घेऊन ते एकही कसोटी न खेळता राहिले आणि 2025 च्या मार्चमध्ये गेले. त्या दिवशी मी अण्णांच्या जुन्या वह्यांत 'शिवलकर' शोधत बसलो होतो. एवढ्या सुबक टिंबांच्या रांगा दुसऱ्या कुणाच्या नावापुढे नव्हत्या. शिवलकरांबद्दल आपण हळहळतो, आणि ते रास्तच आहे. बहुतुलेबद्दल कुणी हळहळत नाही, कारण तो खेळला तर होता. अर्धी संधी मिळालेल्या माणसासाठी आपल्याकडे नीटसं दुःखही नसतं.

आणि एक गोष्ट. ती मी त्या दिवशी लोकलमध्ये भाच्याला सांगितली असती की नाही, मला खात्री नाही. 664 नंतर दोन वर्षांनी, 1990 मध्ये, मरीन ड्राइव्हवर मोटारीचा भीषण अपघात झाला. बरोबरचा तरुण मित्र गेला. बहुतुले वाचला, पण पायाचं हाड मोडलं, आत स्टीलची सळई बसवावी लागली. वय 17. लेगस्पिनला सगळे मनगटाची कला म्हणतात, भाच्याचे सरही तेच शिकवतात. पण बॉल सुटायच्या क्षणी सगळं अंग एका पायावर वळतं आणि दुसऱ्यावर आदळतं, दर बॉलला, ओव्हरमागून ओव्हर. तो पाय घेऊन त्याने पुढच्याच वर्षी मुंबईसाठी पदार्पण केलं आणि मग वीसहून अधिक वर्षं हजारो ओव्हर्स टाकल्या. वानखेडेवर त्याला मार्ककडे परत जाताना मी इतक्या वेळा पाहिलं, पण त्याच्या चालीकडे कधी मुद्दाम लक्ष दिलं नाही. आता ती चाल आठवायचा प्रयत्न करतो तर डोळ्यांपुढे फक्त बाहीला पुसलेला बॉल येतो.

182 वर हसणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणार. मला ठाऊक होतं आणि तरी मी हसलो होतो, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या रविवारी भाचा घरी आला तेव्हा मी माळ्यावरून अण्णांच्या वह्या काढल्या. पानं पिवळी पडलीत, कडेला कसर लागलीय, पण शाई अजून स्पष्ट आहे. आधी तो कंटाळला. मग टिंबांचा एम कसा होतो ते दाखवल्यावर त्याला गंमत वाटली आणि तो स्वतः एम शोधायला लागला. वानखेडेच्या एका वहीत बहुतुलेचं नाव पेन्सिलीच्या रेघेसकट सापडलं. पान उलटलं, तिथेही सापडलं. भाच्याने बोटाने चौकोन मोजले. एकेक मोजत तो एकतिसावर थांबला. "एकाच इनिंगमध्ये?" "हो." "आणि याच्यानंतर बॅटिंग पण?" "हे काय, या पानावर."

मग मी त्याला बाकीचं सांगितलं. 630, 6176, सहा रणजी संघ. खेळणं थांबल्यावर बंगाल, गुजरात अशा संघांना शिकवणं, राष्ट्रीय अकादमीत मुलांना स्पिन शिकवणं, 2024 मध्ये भारतीय संघ श्रीलंकेला गेला तेव्हा बॉलिंग कोच म्हणून बरोबर जाणं. अपघाताचंही सांगितलं, थोडक्यात. तो ऐकत होता, पण मी बघत होतो, त्याचं मन कुठेतरी आधीच अडकलं होतं. वहीतल्या चौकोनांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "त्या शाळेच्या मॅचमध्ये त्याने 27 टाकल्या म्हणालास ना? एवढ्या रन्स जात होत्या, तरी?"

"तरी."

"कुणी काढलं नाही त्याला?"

मी क्षणभर थांबलो. त्या आकड्याकडे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. 182 आणि शून्य, हेच दोन आकडे आपण सगळे 37 वर्षं चघळत आलो. तिसरा आकडा आमच्या समोर होता. पंधरा वर्षांचा मुलगा, समोर दोघं कुणालाच आवरत नाहीयेत, दुपारचं ऊन, आणि सहा-सहा बॉल टाकून झाले की पुन्हा बॉल हातात घेणं, पुन्हा मार्कवर जाणं, सत्तावीस वेळा. कॅप्टनने दिला असेल, त्याने घेतला असेल. अण्णांनी ते स्कोअरबुक लिहिलं असतं तर त्यांची पेन्सिलीची रेघ त्याच नावाखाली असती, याबद्दल मला शंका नाही.

"नाही काढलं," मी म्हणालो. "आणि त्यानेही नको म्हटलं नाही."

भाचा काही बोलला नाही. वही मिटून त्याने माझ्याकडे दिली, किटबॅगमधून बॉल काढला आणि एका हातातून दुसऱ्या हातात फिरवत बसला. फर्र, फर्र. बहीण स्वयंपाकघरातून ओरडली की घरात बॉल नको. तो थांबला आणि खाली बघत म्हणाला, "मला सरांनी चारनंतर काढलं होतं, मामा. गुरुवारी पुन्हा मॅच आहे. पाचवी मागून घेऊ?"